अर्जाच्या आधीचा खर्च कोणी करायचा?

हवामान निधींच्या संचालक मंडळांचे सदस्य आणि त्या निधींत पैसे घालणाऱ्या सरकारांचे प्रतिनिधी यांना,

स.न.वि.वि.

तुमच्यासमोर आलेल्या प्रस्तावांवर तासन्‌तास चर्चा होते आणि तिची इतिवृत्ते प्रसिद्ध होतात. जे प्रस्ताव तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांची नोंद कुणी ठेवत नाही. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे.

पूर, दुष्काळ, खचणारे डोंगर किंवा विहिरीत शिरणारे खारे पाणी यांना तोंड देणाऱ्या लहान गावांसोबत आणि वस्त्यांसोबत बसून आराखडा करायचा, मग त्याला पैसे मिळवायचे, हे माझे काम. काय करायला हवे हे लोकांना बहुतेक वेळा ठाऊक असते. नाला कुठे तुंबतो, पाणी आधी कोणत्या गल्लीत शिरते, अंथरुणाला खिळलेले माणूस कोणत्या घरात आहे, हे सांगायला त्यांना तज्ज्ञ लागत नाही. ही माहिती तुमच्या अर्जाच्या रकान्यांत बसवायला जी माणसे, जी मोजमापे आणि जी सवड लागते, ती मात्र त्यांच्याकडे नसते. सगळे घोडे तिथेच अडते.

एका साध्या पूरसंरक्षक कामाचा प्रस्ताव घ्या. जमिनीचे चढउतार मोजायचे, नदीच्या पाण्याच्या जुन्या नोंदी शोधायच्या, माती तपासायची, जागा नक्की कुणाच्या नावावर आहे ते काढायचे. मग अंदाजपत्रक, पर्यावरणावरचा परिणाम, विस्थापन होणार असेल तर पुनर्वसनाची योजना, स्त्रिया आणि दुर्बल घटकांवर काय परिणाम होईल त्याचे विवेचन, मागच्या काही वर्षांचे लेखापरीक्षण. यांतली एकही गोष्ट अनावश्यक आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या कार्यालयात जन्ममृत्यूच्या नोंदी, पाणीपट्टीची वसुली आणि निविदांची कागदपत्रे एकच माणूस सांभाळतो, तिथे हे सगळे कोण करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग सल्लागार बोलावला जातो. चांगले सल्लागार असतात, त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकलो आहे. पण प्रस्ताव मंजूर झाला तरच मोबदला, अशा बोलीवर काम करणारा माणूस वस्तीला काय हवे यापेक्षा मंजूर काय होते हे बघणारच, यात त्याचा दोष तरी काय? म्हणून नदीचे नाव बदलले की बाकी मजकूर तोच, असे प्रस्ताव तयार होतात. तुमच्यापैकी ज्यांनी ढिगाने प्रस्ताव वाचले आहेत, त्यांना हे माझ्याहून चांगले माहीत असेल.

पैशाच्या घोषणांची कमतरता नाही. 2009 साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी 2020 पर्यंत दरवर्षी 100 अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या हिशोबानुसार ते पहिल्यांदा पाळले गेले 2022 साली. 2024 मध्ये बाकूच्या परिषदेत नवा आकडा ठरला, 2035 पर्यंत दरवर्षी 300 अब्ज. यातला अनुकूलनाचा, म्हणजे बदललेल्या हवामानात तगून राहण्याच्या कामांचा वाटा कायमच लहान राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालात 2022 साली विकसनशील देशांना त्यासाठी मिळालेला आंतरराष्ट्रीय सार्वजनिक पैसा 28 अब्ज डॉलरच्या आसपास दाखवला आहे, आणि तूट वर्षाला 187 ते 359 अब्जांची. शिवाय सार्वजनिक हवामान निधीतला मोठा हिस्सा कर्जाच्या रूपात येतो. समुद्राचे पाणी अडवणाऱ्या बांधातून उत्पन्न येत नाही. मग त्याचे कर्ज कशातून फेडायचे, हा प्रश्न आहेच, पण तो आज बाजूला ठेवतो.

मला खटकतो तो आणखी एक आकडा. लंडनच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण आणि विकास संस्थेने 2003 ते 2016 या काळातल्या हवामान निधींचा हिशोब मांडला, तेव्हा स्थानिक पातळीवरच्या कामांसाठी राखलेला पैसा दहा टक्क्यांहूनही कमी निघाला. म्हणजे तूट भरून काढली, सगळी वचने वेळेवर पाळली, तरी त्यातला बराचसा पैसा राजधान्यांच्या पलीकडे जाईलच असे नाही.

तो का झिरपत नाही, हे समजायला तुमच्या नियमांतले आकडेच पुरेसे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराखाली चालणाऱ्या हरित हवामान निधीच्या वर्गीकरणात सर्वांत लहान गटातला प्रकल्प 1 कोटी डॉलरपर्यंतचा असतो. सोप्या मंजुरीची वाट 2.5 कोटी डॉलरपर्यंतच्या मागणीसाठी खुली आहे. प्रकल्पाच्या तयारीसाठी 15 लाख डॉलरपर्यंत मदत मिळू शकते, पण ती मागायची ती निधीने आधी मान्यता दिलेल्या संस्थेमार्फत, आणि त्या मान्यतेसाठी कित्येक संस्थांनी वर्षे घालवली आहेत. आता यासमोर आशियातल्या गृहहक्क संघटनांच्या आघाडीने 2009 मध्ये सुरू केलेला कार्यक्रम ठेवा. त्यात वस्तीतल्या बायकांच्या बचत गटांना आणि रहिवाशांच्या समित्यांना एका छोट्या कामासाठी साधारण 3,000 डॉलर मिळत. एवढ्या पैशात एखादे गटार, पायवाट किंवा लहान पूल व्हायचा. पण तो करताना वस्तीने स्वतःचा नकाशा काढलेला असे, हिशोब ठेवलेला असे आणि नगरपालिकेशी बोलणी केलेली असत. पुढच्या मोठ्या कामाची तयारी त्या छोट्या कामातच होऊन जाई. 3,000 डॉलर आणि 1 कोटी डॉलर यांच्यामध्ये जी प्रचंड दरी आहे, तिथेच जगातल्या बहुतेक वस्त्यांच्या गरजा पडून आहेत.

हा फक्त गरीब देशांचा प्रश्न आहे, असे कुणी समजू नये. अमेरिकेत 2018 च्या कायद्यानंतर आपत्तीपूर्व कामांसाठी एक मोठा स्पर्धात्मक निधी सुरू झाला. खर्चातला साधारण 25 टक्के वाटा स्थानिक संस्थेने उचलायचा, आणि बरेचसे पैसे आधी खर्च करून मग परत मागायचे. पहिल्या फेऱ्यांत मोठी रक्कम किनारपट्टीवरच्या सधन राज्यांकडे गेली, कारण प्रस्ताव लिहिणारे अभियंते आणि अर्थतज्ज्ञ त्यांच्या पदरी होते. तिथल्या आपत्ती यंत्रणेने एक चांगली गोष्टही केली: निवडक गावांना आणि जमातींना प्रस्ताव तयार नसतानाही थेट तांत्रिक मदत देऊ केली. तुम्ही काय मागता ते नंतर बघू, आधी आमची माणसे येऊन तुमच्यासोबत बसतील, असा तो प्रकार. 2025 च्या एप्रिलमध्ये हा सगळाच निधी बंद करत असल्याचे जाहीर झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. घोषणेच्या एका फटक्यात बंद होऊ शकणाऱ्या पैशावर गावांनी पंधरा वर्षांचे आराखडे कसे बेतायचे, हेही तुम्हीच सांगा.

आता खर्च आणि लाभाच्या गणिताबद्दल थोडे सविस्तर लिहितो. वरवर तटस्थ दिसणारा हा नियम लहान वस्त्यांचे नशीब बैठकीच्या आधीच ठरवून टाकतो.

कामावर जेवढा खर्च होणार, त्याहून जास्त नुकसान टळणार असेल तरच पैसे, हा नियम ऐकायला बिनतोड आहे. पण टळणारे नुकसान मोजायचे कशात? बहुतेक वेळा घराच्या आणि मालमत्तेच्या किमतीत. एका रस्त्यावर दहा महागडी घरे आणि दुसऱ्या रस्त्यावर पत्र्याची शंभर घरे असतील, तर कागदावर पहिला रस्ता वाचवणे फायद्याचे ठरू शकते. पत्र्याच्या घरातल्या माणसाची बुडालेली मजुरी, भिजलेली शिलाई मशीन, मुलीची सुटलेली शाळा, कर्जाने घेतलेली शेळी यांना त्या तक्त्यात जागा नसते, किंवा असलीच तर ते सिद्ध करायला जे सर्वेक्षण लागते त्याला पैसे नसतात.

दुसरा घोळ सवलत दराचा. भविष्यातला लाभ आजच्या किमतीत आणताना दरवर्षी काही टक्के वजा केले जातात. दर 7 टक्के धरला, तर तीस वर्षांनी टळणाऱ्या 100 डॉलरच्या नुकसानीचे आजचे मोल होते जेमतेम 13 डॉलर. 3 टक्के धरला तर तेच 41 डॉलर. पन्नास वर्षांनंतरचे नुकसान 7 टक्क्यांनी मोजले, तर शंभराचे साडेतीन डॉलरसुद्धा उरत नाहीत. पाणथळ जमीन पुन्हा जिवंत करणे, डोंगरावर झाडी वाढू देणे, खाडीची तिवरे राखणे, या कामांचा लाभ हळूहळू आणि उशिरा मिळतो, म्हणून चढ्या दराच्या गणितात ती हमखास हरतात. सिमेंटची भिंत पहिल्याच पावसाळ्यात लाभ दाखवते, म्हणून ती जिंकते. अमेरिकेच्या आपत्ती यंत्रणेने आपला 7 टक्क्यांचा दर अलीकडे बराच खाली आणला होता. तुमच्यापैकी किती निधींचे मूल्यांकन कोणत्या दराने चालते, हे अर्ज करणाऱ्या गावाला आधी समजायला नको का?

तिवरांचा विषय निघालाच आहे, तर तोही पूर्ण करतो. मोजायला सोपे तेच मागितले की काय होते, याचा धडा किनाऱ्यांवर लिहिलेला आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत तिवरांच्या लागवडीला भरपूर पैसा आला. पुढे संशोधकांनी 23 ठिकाणांची पाहणी केली, तेव्हा 9 ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हते. फिलिपाइन्समध्येही कित्येक वर्षांच्या लागवडीत जगलेल्या रोपांचे प्रमाण 10 ते 20 टक्क्यांच्या घरात राहिल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. कारण गूढ नाही. तिवराला भरती-ओहोटीतली ठरावीक उंची लागते. दिवसातला काही वेळ मुळे उघडी पडली पाहिजेत. अशी योग्य जमीन मत्स्यतळ्यांसाठी आधीच बळकावलेली होती, तिला हात लावायचा तर मालकीचे भांडण सोडवावे लागले असते. म्हणून मोकळ्या पडलेल्या, पण फार काळ पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात रोपे खोचली गेली, छायाचित्रे निघाली, आकडे वर गेले. किनाऱ्यावर मासे धरणाऱ्या कुणालाही आधी विचारले असते, तर इथे झाड धरणार नाही हे त्याने उभ्या उभ्या सांगितले असते. मात्र विचारण्यासाठी आणि जमिनीचा वाद मिटवण्यासाठी वर्ष-दोन वर्षे जावी लागतात, आणि त्या वर्षांसाठी अंदाजपत्रकात ओळ नसते. रोपांसाठी मात्र असते.

याउलट केनियातल्या इसिओलोचा अनुभव बघा. कोरड्या प्रदेशातल्या या जिल्ह्यात गेल्या दशकाच्या सुरुवातीला हवामान बदलासाठी स्थानिक निधीचा प्रयोग झाला. प्रभाग पातळीवर लोकांनी निवडलेल्या समित्या केल्या आणि गुंतवणुकीचा 70 टक्के पैसा या समित्यांनी ठरवलेल्या सार्वजनिक कामांसाठी राखला. 20 टक्के जिल्हा पातळीच्या कामांना, आणि चालवण्याचा खर्च 10 टक्क्यांच्या आत. समित्यांनी काय निवडले? पाणवठ्यांची दुरुस्ती तर होतीच. पण त्यासोबत त्यांनी ‘देधा’ या बोराना पशुपालकांच्या जुन्या व्यवस्थेला बळ देण्यासाठी पैसे मागितले. कोणत्या ऋतूत कोणत्या कुरणात गुरे न्यायची आणि कोणते कुरण दुष्काळासाठी राखायचे, हे ठरवणारी ही वडीलधाऱ्यांची मंडळी. माणसांनी एकत्र बसून कुरणांचे नियम पाळायला लावण्याचा खर्च तुमच्या नेहमीच्या अर्जात दाखवायचा म्हटले तर अवघडच, कारण उद्घाटन करण्याजोगे त्यात काही नाही. लोकांनी मात्र तोच आधी मागितला. पुढे ही पद्धत आणखी काही जिल्ह्यांत गेली, आणि नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने देशभराचा कार्यक्रम झाला. सुरुवात मात्र एका कोरड्या जिल्ह्यातल्या समित्यांना थोडे पैसे आणि पुरेसा वेळ देण्यापासून झाली होती.

माणसांवरच्या खर्चाबद्दल बांगलादेश तर सगळ्यांना माहीत आहे. 1970 च्या चक्रीवादळात तिथे तीन ते पाच लाख माणसे गेली असावीत असा अंदाज आहे. 1972 मध्ये स्वयंसेवकांचा चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम उभा राहिला. आज त्यात सत्तर हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास स्त्रिया. 2007 च्या सिद्र चक्रीवादळात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे दगावली, 2020 च्या अम्फानमध्ये तर त्या देशातली मृतांची संख्या काही डझनांच्या आतच राहिली. निवाऱ्याच्या इमारती लागतातच, पण भोंगा घेऊन दारोदार जाणारे माणूस नसेल तर त्या इमारती वादळात रिकाम्या राहतात. त्यातले बरेच निवारे एरवी शाळा म्हणून वापरतात. रोज मुले येतात, म्हणून गळके छप्पर वेळेवर कुणाच्या तरी लक्षात येते. देखभालीला वेगळे पैसे द्यायचे नसतील, तर निदान अशी सोय तरी आराखड्यात असू द्या. आत्ता होते असे की पूर-इशाऱ्याचे यंत्र अनुदानातून बसते, त्याची बॅटरी मात्र अनुदानात बसत नाही.

तुमची अडचण मला समजते. हा लोकांच्या करांचा पैसा आहे. उद्या हिशोब जुळला नाही तर तुम्हाला जाब विचारला जातो, न मंजूर केलेल्या प्रस्तावाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. म्हणून कठोर राहणे तुमच्यासाठी सुरक्षित असते. पण पैसा खाली पोहोचवून हिशोब ठेवता येतो, हे लोकांनी करून दाखवले आहे. अनुकूलन निधी या आंतरराष्ट्रीय निधीने थेट प्रवेशाची, म्हणजे देशातल्या संस्थेने स्वतःच पैसे मागण्याची वाट उघडली, तेव्हा 2010 मध्ये मान्यता मिळालेली पहिली राष्ट्रीय संस्था सेनेगलची होती, आणि तिने किनाऱ्याची धूप रोखण्याचे काम मध्यस्थ आंतरराष्ट्रीय संस्थेशिवाय हाती घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या भांडवल विकास निधीने 2011 च्या सुमारास भूतान आणि कंबोडियात सुरू केलेल्या योजनेत पैसा सरकारच्या नेहमीच्या अनुदानाच्या वाटेनेच स्थानिक संस्थेकडे जातो. किमान अटी पूर्ण असल्या की रक्कम मिळते, दरवर्षी कामगिरी तपासली जाते आणि त्यावर पुढची रक्कम ठरते. आधी थोडे द्या, बघा, मग वाढवा. यात धोका आहे, पण तो मोजलेला आहे. प्रत्येक वस्तीकडून आंतरराष्ट्रीय बँकेसारखी कागदपत्रे मागणे म्हणजे धोका टाळणे नव्हे. तो धोका फक्त तुमच्या वहीतून त्या वस्तीच्या उंबऱ्यावर जातो.

2021 च्या जानेवारीत स्थानिक नेतृत्वाखालील अनुकूलनाची आठ तत्त्वे जाहीर झाली, आणि तुमच्यापैकी अनेकांनी ती मान्य केली आहेत. निर्णय सर्वांत खालच्या योग्य पातळीवर घ्यावा, पैसा सहज मिळावा, आणि तो बऱ्याच वर्षांसाठी मिळेल याची खात्री असावी, हे त्यांत स्पष्ट आहे. हरित हवामान निधीने प्रस्तावांचा आढावा दोन वर्षांवरून नऊ महिन्यांवर आणायचे ठरवले, त्याचेही स्वागत. पण अर्ज दाखल झाल्यानंतरचा वेळ कमी करून, अर्जच करू न शकणाऱ्यांचे काय साधणार?

तेव्हा मागणी सरळ आहे. अर्जाच्या आधीचे काम तुमच्या खर्चाने होऊ द्या. पुढे प्रकल्प मंजूर होवो न होवो, परतफेडीची अपेक्षा न ठेवता. मोजणी, मातीची तपासणी, जमिनीच्या कागदांचा शोध, वस्तीच्या बैठका आणि त्या बैठकांना येणाऱ्यांची बुडालेली मजुरी, हे सगळे त्यात धरा. हा पैसा मधल्या चार संस्थांची फी कापून शेवटी पोहोचू नये. दोन दिवसांच्या क्षमताबांधणी कार्यशाळा आवरत्या घ्या. त्यांच्या खर्चात एक अभियंता आणि एक हिशोबनीस तीन-चार लहान गावांसाठी मिळून पाच वर्षे नेमता येत असतील, तर तसे करा. ही माणसे गावाला उत्तरदायी असावीत, सल्लागार कंपनीला नव्हेत. खर्च करून मग परत मागायची पद्धत लहान संस्थांना लावू नका, निदान पहिला हप्ता आगाऊ द्या. स्थानिक वाटा श्रमाच्या आणि जमिनीच्या रूपात धरा, किंवा जिथे खरोखर काही नाही तिथे सोडून द्या. आणि पन्नास हजार डॉलरच्या आतल्या मागणीसाठी एक वेगळी खिडकी उघडा, जिथे अर्ज लोकांच्या स्वतःच्या भाषेत, चार पानांत करता येईल.

हवामानाच्या जुन्या नोंदी नाहीत म्हणून प्रस्ताव परत पाठवणे तेवढे थांबवा. जिथे पर्जन्यमापकच कधी बसला नाही, तिथे तीस वर्षांची आकडेवारी मागून मिळणार नाही. पुराच्या पाण्याची भिंतीवरची खूण, पीक बुडाल्याच्या नोंदी, जाणत्यांनी सांगितलेली वर्षे, हा पुरावा धरायचे काही निधींनी कागदावर मान्य केलेच आहे. तुमच्या तपासनीसांपर्यंत ते पोहोचले आहे का, एकदा विचारून पाहा.

आणि एक काम असे आहे ज्याला नवा निधी लागत नाही. पुढच्या बैठकीआधी प्रत्येक मंजूर प्रकल्पापुढे तीन आकडे छापा: अर्जाच्या तयारीवर किती खर्च झाला, तो कुणी सोसला, आणि मंजूर रकमेपैकी किती पैसा राजधानीच्या खाली, स्थानिक संस्थेच्या खात्यात गेला. अर्धवट सोडलेल्या आणि परत गेलेल्या अर्जांचीही यादी त्यासोबत द्या, कुठल्या टप्प्यावर ते थांबले ते लिहून. त्या यादीतल्या ज्या गावांना पुन्हा प्रयत्न करायचा असेल, त्यांच्यासोबत बसायला माझ्यासारखे पुष्कळजण तयार आहेत.

आपला,
वस्त्यांसोबत आराखडे करणारा एक कार्यकर्ता